अनवाणी कोलमार

"गाव बघायचं म्हणे! गावं काय मी कमी बघितली आहेत?"

हे सासूबाईंनी कुणाला उद्देशून म्हटलं नव्हतं. पण गाडीच्या मागच्या सीटवर त्यांच्या आणि शुभाच्या मध्ये फक्त बेसनाच्या लाडवांचा डबा होता, त्यामुळे ते थेट शुभाच्या डाव्या कानात शिरलं. पुढे भास्कर गाडी चालवत होता. त्याला ऐकू गेलं की नाही, हे कळायला मार्ग नव्हता. ऐकू न येणं ही भास्करची जुनी कला होती आणि लग्नाला एकोणतीस वर्षं होऊनही शुभाला तिचा थांग लागला नव्हता.

"आई, कोलमार म्हणजे अगदी चित्रातलं गाव आहे," शुभा म्हणाली. "जुनी लाकडी घरं, मधून कालवे, खिडक्याखिडक्यांतून फुलं..."

"लाकडी घरं? आमच्याकडे लाकडी घरं पाडून द्या म्हणून लोक बिल्डरच्या मागे लागतात. आणि तुम्ही ती बघायला पेट्रोल जाळताय."

यावर एक खरं उत्तर होतं. पण ते द्यायचं नाही, असं घरात ठरलं होतं. म्हणजे ठरलं होतं असंसुद्धा कुणी म्हणालं नव्हतं. ते आपोआप ठरलं होतं, जसं पाहुण्यांसमोर गॅसच्या बिलाबद्दल बोलायचं नाही हे ठरलेलं असतं.

खरं उत्तर असं, की मार्च महिन्यात त्यांच्या मुलीने, मैत्रेयीने, एर्लांगेनहून एका कलीगला घरी जेवायला आणलं. ती तिथे एका संस्थेत पीएच.डी. करते. कलीगचं नाव एतिएन. उंच, लाजाळू, फ्रेंच. त्याने साबुदाण्याची खिचडी दोनदा मागून घेतली, ताट विसळून ठेवलं आणि भास्करशी गाड्यांच्या बॅटऱ्यांवर तासभर गप्पा मारल्या. तो गेल्यावर मैत्रेयीने शांतपणे सांगितलं, "आम्ही दोघांनी ठरवलंय." भास्कर म्हणाला, "बघू," आणि बाल्कनीचे कठडे धुवायला गेला. बाहेर बर्फाळ वारं सुटलं होतं. कठडे गोठले, पण भास्कर आत येईना. त्या दिवसापासून जर्मनीतल्या र्युसेल्सहाइमच्या त्या फ्लॅटमधून 'लग्न' हा शब्द हद्दपार झाला. पुढे उन्हाळ्यात सासूबाई पुण्याहून आल्या आणि सप्टेंबरात एतिएनच्या आईने सगळ्यांना रविवारी दुपारी तीन वाजता केक खायला बोलावलं. सीमेपलीकडे, फ्रान्समधल्या कोलमारला.

"कोलमार तसंही बघायचं राहिलंच होतं," भास्कर म्हणाला. "गाव बघून घेऊ."

"आणि केक?"

"वेळ उरला तर बघू."

"आईंना काय सांगायचं?"

"गाव बघायला चाललोय म्हणायचं. एकदम सांगितलं तर धक्का बसेल तिला. बीपी आहे."

बीपी भास्करला होतं. सासूबाई सत्त्याहत्तराव्या वर्षीही जिने चढताना सुनेसाठी मध्ये थांबायच्या.

पण गाव बघायला जाणं ही सुद्धा साधी गोष्ट नसते, निदान शेजारी मराठी असतील तर नसतेच. वरच्या मजल्यावरच्या सुधीरला खबर लागली आणि तो चहाच्या वेळेला उगवला. "भास्करराव, फ्रान्सचा स्टिकर आहे ना? धुराचा, गाडीच्या काचेवर लावायचा? आपली इथली ऊमवेल्टप्लाकेट तिकडे चालत नाही हं."

भास्कर गाड्यांच्या कारखान्यात बावीस वर्षं इंजिनियर. त्याला गाडीबद्दल दुसऱ्याने काही सांगितलं की त्याच्या कपाळावर एक आडवी शीर उभी राहते. त्याने त्याच संध्याकाळी वेबसाइट उघडली. वेबसाइटने गाडीच्या कागदाचा फोटो मागितला. फोटो दिला तर म्हणाली, फार मोठा आहे. लहान करून दिला तर म्हणाली, वाचता येत नाही. भास्करने कागद बाल्कनीत नेऊन, बाथरूममध्ये नेऊन, शुभाला टॉर्च धरायला लावून फोटो काढले. शेवटी स्टिकर आला. भास्करने तो पट्टी लावून, मापून, काचेवर चिकटवला, आणि मग कळलं की तो आतून चिकटवायचा असताना त्याने बाहेरून चिकटवला. तो शुभाच्या धिरड्यांच्या उलथण्याने खरवडून काढावा लागला. उलथणं वाकलं. एवढं करून, त्या गावात तो स्टिकर कुणी विचारतच नाही, हे नंतर एतिएनने सांगितलं. हळू आवाजात, फक्त शुभाला. मुलगा स्वभावाने खरंच चांगला होता.

शनिवारी शुभाने फुलं आणली. बाजारात पिवळीधमक शेवंती आली होती, इतकी ताजी की तिला पहिल्यांदा आपल्या माहेरच्या गौरी आठवल्या आणि मग किंमत दिसली. गुच्छ घेऊन ती जिना चढत होती तर समोरून सुधीरची बायको नीता.

"कुणाकडे जाताय का उद्या?"

"छे गं. गाव बघायला चाललोय."

"गाव बघायला फुलं नेतात होय?" नीता म्हणाली. "मला माहीत नव्हतं."

शुभाचा चेहरा पडला. पण नीताचं लक्ष चेहऱ्याकडे नव्हतंच, फुलांकडे होतं. "अगं बाई! शेवंती? फ्रान्समध्ये? शुभाताई, तिकडे शेवंती मयताला नेतात. थडग्यावर ठेवतात. माझ्या ऑफिसातल्या एकीने नेली होती, यजमानीण रडायला लागली."

पहिल्यांदा मुलीच्या... गावी जायचं आणि हातात मयताची फुलं! तिने घरी येऊन गुच्छ बाथरूममधल्या बादलीत ठेवला, त्याच्याकडे पाठ केली आणि लाडू करायला घेतले. लाडू कुठल्याच देशात मयताला नेत नाहीत, एवढी तिची खात्री होती.

तर अशी ही तिघं, लाडू आणि स्टिकरसकट, रविवारी सकाळी निघाली. ब्रायझाखला र्‍हाईन ओलांडली, फ्रान्स आला. सासूबाईंनी खिडकीतून बघितलं आणि म्हणाल्या, "मक्याचीच शेतं आहेत की इकडेही." फ्रान्सच्या वाट्याला त्यांच्याकडून तेवढंच आलं.

भास्करने गावात शिरायला मुद्दाम लांबची वाट घेतली, कारण उत्तरेकडच्या चौकात स्वातंत्र्यदेवीचा पुतळा आहे. न्यूयॉर्कचा मूळ पुतळा घडवणारा शिल्पकार कोलमारचा, म्हणून गावकऱ्यांनी त्याची छोटी प्रतिकृती उभारली आहे. भास्करने पुतळ्याभोवती गाडी फिरवली. मग पुन्हा फिरवली. तिसऱ्या फेरीला सासूबाईंनी हात जोडले.

"प्रदक्षिणा झाल्या, आता पुढे चल," त्या म्हणाल्या.

शुभाच्या तेव्हाच लक्षात आलं. नवरा रस्ता चुकला नव्हता. तो वेळ काढत होता.

भेटायचं ठरलं होतं जुन्या जकातघरापाशी. कोलमारची ती मोठी देखणी इमारत, रंगीत कौलांची, कमानीवर नक्षी. खाली मैत्रेयी उभी होती, आणि तिच्या शेजारी, दोन पावलं सुरक्षित अंतर ठेवून, इस्त्रीचा शर्ट घातलेला एतिएन.

"जकात नाका बघायला आलो का आपण?" सासूबाई म्हणाल्या, पण नातीला बघून त्यांचा चेहरा उजळला. "कधी आलीस गं?"

"काल रात्री, आजी."

"रात्री? मग उतरलीस कुठे?"

चौघांपैकी तिघांना मराठी येत होतं आणि तिघंही कालव्याकडे बघू लागली. कालव्यातून एक नाव गेली. नावेतल्या जपानी बाईंनी हात हलवला. शुभाने उत्तरादाखल जरा जास्तच वेळ हात हलवला.

"संशोधकांची सोय असते गं आई, सगळीकडे," भास्कर म्हणाला.

हा माणूस इतक्या सफाईने खोटं बोलू शकतो, हे शुभाला आजवर माहीत नव्हतं. धक्क्यातून ती सावरतेय तोवर सासूबाईंनी बोट केलं. "आणि हा कोण?"

एतिएन पुढे झाला. त्याने हात जोडायची तयारी केली. भास्करने त्याच्याकडे बघितलं, जकातघराकडे बघितलं, आभाळाकडे बघितलं.

"हा इथला माहितगार आहे. गाव दाखवणार आपल्याला."

"गाइड?"

"हो. गाइड."

शुभाचा हात तोंडावर गेला. मैत्रेयी लाल झाली, मग पांढरी झाली. एतिएनने तिला जर्मनमधून विचारलं, काय म्हणाले. आणि मैत्रेयीने, एकही शब्द न गाळता, स्वच्छ जर्मनमध्ये सांगितलं, "माझे बाबा माझ्या आजीला सांगताहेत की तू गाइड आहेस."

एतिएनचे डोळे क्षणभर मोठे झाले. मग त्याने भास्करकडे एक नजर टाकली. शुभाने ती नजर पाहिली आणि तिला वाटलं, रागावला असता तर बरं झालं असतं. त्याने वाकून हात जोडले. "नमस्कार, आजी."

"अगं बाई, मराठी! बघ भास्कर, ह्यांच्याकडे गाइड लोकांना किती शिकवून तयार करतात!" सासूबाई खूश झाल्या आणि त्यांनी आपली जाडजूड कापडी पिशवी त्याच्या खांद्याला अडकवली.

कालव्याच्या पुलावर मैत्रेयीने आईला बाजूला घेतलं. लहानपणापासून ती रागावली की जर्मनवर जायची. आज मराठीतच बोलत होती, म्हणून शुभाला जास्त भीती वाटली.

"आई, त्याची आई काल सकाळपासून केक करतेय. एक बिघडला म्हणून दुसरा केला तिने. मी आता एकदाच सांगते. तीन वाजता मी त्यांच्या घरात पाऊल टाकणार. त्याआधी बाबांनी आजीला सांगितलं, तर आपण सगळे. नाही सांगितलं, तर मी एकटी. आणि मग पुढचं सगळंच मी एकटी करेन."

"अगं, असं काय बोलतेस? बाबांना जरा वेळ..."

"मार्चपासून देतेय."

शुभाने नवऱ्याला कोपऱ्यात गाठलं. "अहो, पोरगी काय म्हणतेय ऐकलंत का?"

"ऐकलं."

"मग?"

"आधी ते मुंडक्यांचं घर बघून घेऊ," भास्कर म्हणाला. "बंद होतं बरं का ते."

ते घर बंद होण्यासारखं नव्हतंच. त्याच्या दर्शनी भिंतीवर दगडी मुंडकी कोरलेली आहेत, शंभरावर, आणि ती चारशे वर्षं चोवीस तास रस्त्याकडे बघत आहेत. त्या सगळ्या मुंडक्यांवर एकच भाव आहे: आत्ता हे काय ऐकलं मी! शुभाला ती एकदम घरची वाटली.

त्यानंतर भास्करने कोलमार असं काही बघितलं, की कोलमारला आजवर कुणी तसं बघितलं नसेल. चामडेवाल्यांची आळी बघितली, मासेवाल्यांचा धक्का बघितला, ज्या म्युझियममध्ये जगप्रसिद्ध वेदीचित्र आहे तिथे जाऊन त्या चित्राची मागची बाजूही बघितली. प्रवाशांना फिरवणाऱ्या पांढऱ्या झुकझुकगाडीत सगळ्यांना बसवलं, आणि फेरी संपल्यावर म्हणाला, "डावीकडचं नीट दिसलं नाही," म्हणून पुन्हा बसवलं. एतिएन जन्मापासून त्या गावात वाढलेला, पण तोही दुसऱ्या फेरीत कानाला यंत्र लावून आपल्याच गावाची माहिती मुकाट ऐकत होता. सासूबाई मधूनमधून त्याला प्रश्न विचारायच्या, मैत्रेयी भाषांतर करायची, दात आवळून.

"त्याला विचार, दुकानादुकानात हे करकोचे कसले? कापडाचे, चिनीमातीचे, चॉकलेटचेसुद्धा!"

मैत्रेयीने विचारलं. एतिएन घुटमळला. इकडच्या लोकांची समजूत अशी, की करकोचा ज्या घरावर उतरतो तिथे बाळ येतं. मैत्रेयीने ते तसंच सांगून टाकलं, बाबांकडे रोखून बघत.

भास्करला ठसका लागला. शुभाने पाण्याची बाटली काढली. सासूबाईंनी मात्र करकोच्याकडे आदराने बघितलं. "आणि ह्या बिचाऱ्याला आहेत का मुलंबाळं? लग्न झालंय का?"

"अजून नाही, आजी," मैत्रेयी म्हणाली.

"एवढा गुणी मुलगा! कुठे अडलंय?"

भास्कर पाणी पीत होता. बाटली संपली तरी तो पीत होता.

अडीच वाजून गेले. आणि नेमकं तेव्हा सासूबाईंना देऊळ दिसलं. म्हणजे चर्च, पण सासूबाई चर्चला देऊळच म्हणतात, देवाचं घर ते देवाचं घर. जुनं, पिवळट गुलाबी दगडाचं, बाहेर चौकात जुन्या वस्तूंचा बाजार भरलेला: कपबश्या, दिवे, खेळणी, पुस्तकं. सासूबाई पायरीवर बसल्या आणि चपला काढायला लागल्या.

"आजी, इथे काढत नाहीत," मैत्रेयी म्हणाली.

"देवाच्या दारात चपला घालून? तुमच्याकडे नसतील काढत. मी काढणार. आणि तुम्ही कुणी बूट घालून माझ्या मागून आत यायचं नाही."

बावीस वर्षं जर्मनीत राहिलेला, चार-पाच कॅथेड्रलं बुटांसकट पालथी घातलेला भास्कर. त्याने हसून आईला समजवायला हवं होतं. पण त्याने घड्याळ बघितलं, आणि त्याच्या चेहऱ्यावर भक्ती पसरली. तो खाली बसला आणि सावकाश, अगदी सावकाश, बुटांच्या नाड्या सोडायला लागला. एका मोज्याला अंगठ्यापाशी भोक होतं, म्हणून त्याने मोजेही काढून बुटात कोंबले. मग शुभाने काढल्या सँडल, मैत्रेयीने सुस्कारा टाकून बूट. आणि सगळ्यांच्या शेवटी एतिएनने, काही न विचारता, आपले बूट काढले आणि ते सगळ्यांच्या ओळीत नीट लावून ठेवले.

"गाइड असून काढले हो," सासूबाई शुभाच्या कानात म्हणाल्या. "संस्कार आहेत."

आत गारवा होता. मोजकी म्हातारी माणसं बाकांवर बसली होती. सासूबाईंनी एतिएनच्या खांद्यावरची पिशवी मागून घेतली, तिच्यात हात घातला आणि बाहेर काढली... शेवंती. पिवळीधमक. अख्खा गुच्छ.

"आई! ही कुठून?"

"बादलीत टाकून आली होतीस. फुलं काय फेकायची असतात? म्हटलं, कुठेतरी देवाला वाहू."

आणि शुभा पुढे काही बोलायच्या आत सासूबाई, पांढऱ्या साडीत, अनवाणी, हातात शेवंती घेऊन, मान खाली घालून वेदीकडे चालू लागल्या. मागे उरलेली चौघं, अनवाणी, एका ओळीत, एकापेक्षा एक दुःखी चेहऱ्यांची. ती का दुःखी होती हे आपल्याला माहीत आहे. बाकांवरच्या लोकांना माहीत नव्हतं. त्यांना जे दिसलं त्याचा एकच अर्थ होता.

एक वृद्ध गृहस्थ उठले. त्यांनी टोपी छातीशी धरली, भास्करचा हात दोन्ही हातांत घेतला आणि फ्रेंचमध्ये काहीतरी हळुवार बोलले. भास्करला कळलं नाही. तो "मेर्सी" म्हणाला. मग दोन आजीबाई आल्या. एकीने शुभाच्या गालाला गाल लावला. दुसरीने सासूबाईंना मिठीच मारली. सासूबाई गहिवरल्या. "किती अगत्याची माणसं आहेत गं! एवढं तर आपल्याकडे कसब्यातसुद्धा कुणी विचारत नाही."

एतिएन कानापर्यंत लाल होऊन एकेकाला कुजबुजत समजावत होता. पण दुःखातला माणूस असंच काहीबाही बोलतो हे सगळ्यांना ठाऊक असतं. त्यांनी त्यालाही थोपटलं.

सगळी कशीबशी बाहेर आली. पायरीवर सासूबाईंच्या चपला होत्या. फक्त सासूबाईंच्या चपला होत्या.

भास्करने पायरीच्या मागे बघितलं, जणू त्याचे बूट लाजून लपले असतील. मग शेजारच्या टेबलावर कपबश्या मांडून बसलेल्या बाईकडे एतिएन धावला, आणि तिने दोन्ही हात डोक्याला लावले. प्रकार असा झाला होता: बाजाराच्या दिवशी लोक घरातले नको असलेले बूट ह्याच पायऱ्यांवर आणून ठेवतात, गरजूंसाठी. चर्चच्या मंडळींनी पोत्यांत भरून ते नुकतेच समोरच्या सभागृहात नेले. चारही जोड नेले. सासूबाईंच्या चपला तेवढ्या, नीट तपासून, परत ठेवल्या.

"कोल्हापूरच्या आहेत, त्यांना काय कळणार," सासूबाई म्हणाल्या, आणि पायांत सरकवल्या. पण त्या दुखावल्या होत्या.

मग कोलमारच्या त्या ऐतिहासिक चौकातून एक मिरवणूक निघाली. सगळ्यांत पुढे चपला घातलेल्या सासूबाई, मागे चार अनवाणी प्रौढ माणसं. कोलमारचे गोटे फोटोत सुरेख दिसतात. त्यांच्यावरून अनवाणी चालून बघावं. शुभा प्रत्येक पावलाला 'आई गं' म्हणत होती आणि सासूबाई प्रत्येक वेळी मागे वळून "काय गं?" म्हणत होत्या. एका प्रवाशाने फोटो काढला.

सभागृहात एका टेबलामागे, चष्म्यावरून बघणाऱ्या, करड्या केसांच्या बाई बसल्या होत्या. मागे पोत्यांचा डोंगर, तोंडं शिवलेली. एतिएन फ्रेंचमध्ये बोलू लागला तर त्यांनी हात वर केला. बूट कुणाचे? ह्यांचे? मग ह्यांना बोलू दे. आणि त्या भास्करशी त्या भागातल्या, अल्सेशियन वळणाच्या जर्मनमध्ये बोलू लागल्या, जे भास्करला दुर्दैवाने पूर्ण समजत होतं.

"दान केलेलं परत देता येत नाही."

"पण आम्ही दान केलं नव्हतं. आम्ही देवळात... चर्चमध्ये..."

"चूक झाली असेल, समजते मी. मंगळवारी पोती उघडतो. मंगळवारी या."

"मंगळवारी मला नोकरी आहे. आम्ही र्युसेल्सहाइमहून आलोय."

"रविवारी पोती उघडत नाही आम्ही. निकड असेल तरच. कशासाठी आलात तुम्ही इथे?"

"गाव बघायला," भास्कर म्हणाला.

"गाव मंगळवारीही इथेच असेल."

भिंतीवरचं घड्याळ तीनला टेकलं होतं. एतिएन पुढे होऊन म्हणाला, की त्याचं घर दोन गल्ल्या पलीकडे आहे, तो धावत जाऊन सगळ्यांना सपाता आणेल. त्याने ते फक्त शुभाकडे बघून म्हटलं. भास्करकडे बघायचं त्याने दुपारपासून टाळलं होतं. मैत्रेयीने त्याचा हात धरला. सगळ्यांसमोर, आजीसमोर धरला.

"नको," ती म्हणाली. "आपण असेच जाऊ. दोघंच." मग ती आईकडे वळली. "तुम्ही बघा गाव."

ती रागाने बोलली असती तर शुभाने समजूत काढली असती. ती थकून बोलली. शुभाला एकदम दिसलं: हे दार उघडणार, पोरगी बाहेर जाणार, आणि पुढे कधीतरी त्यांना तिच्या लग्नाचे फोटो मोबाइलवर बघायला मिळणार. तिने भास्करचा दंड घट्ट पकडला, अहो-जाहो न करता, नुसता पकडला.

बाईंनी चष्मा काढला. त्यांना मराठी येत नव्हतं, पण त्या कपाळावर आठ्या घालून पाचही जणांकडे बघत होत्या: अनवाणी पाय, पांढरी साडी, पडलेले चेहरे. त्यांचा आवाज मऊ झाला. "माफ करा, मी विचारलंच नाही. घरात कुणी गेलंय का? मयत असेल तर आत्ता उघडते मी पोती. मयत, लग्न, बारसं, एवढ्यांसाठी आम्ही रविवारी उघडतो."

हो म्हटलं की झालं होतं. नुसती मान हलवायची होती. गाव बघायला आलेल्या, संशोधकांची सोय लावलेल्या, झुकझुकगाडीत दोनदा बसलेल्या माणसाला एवढं काय जड? मैत्रेयी दाराच्या कडीवर हात ठेवून उभी होती.

"नाही," भास्कर जर्मनमध्ये म्हणाला. "कुणी गेलेलं नाही. लग्न आहे. माझ्या मुलीचं. ह्या मुलाशी. ह्याच्या आईला आम्ही आज पहिल्यांदा भेटणार आहोत, आणि मी तिच्या दारात अनवाणी जाणार नाही."

बाई उठल्या आणि कात्री शोधू लागल्या. मैत्रेयीचा हात कडीवरून सुटला. एतिएन, ज्याला जर्मन उत्तम येत होतं, भिंतीला टेकला. शुभाच्या मनात आलं, जर्मनमध्ये बोलणं सोपं असतं हो, जर्मनमध्ये माणूस घटस्फोटसुद्धा घेऊन मोकळा होईल.

"भास्कर," सासूबाई म्हणाल्या, "काय सांगितलंस त्या बाईला? ती एकदम कशी उठली? आणि मैत्रेयीने त्या गाइडचा हात का धरलाय?"

पोतं टरकन फाटलं. बुटांचा ढीग फरशीवर घरंगळला. भास्कर तिकडे बघितलं न बघितलंसं करून आईसमोर जाऊन उभा राहिला, चोपन्न वर्षांचा, उघड्या पायांचा.

"आई, तो गाइड नाहीये गं. मैत्रेयी लग्न करतेय त्याच्याशी," तो म्हणाला. "आणि मला तो आवडतो. मार्चपासून आवडतोय."